पण तेल गेलं कुठं?

...नाही, तुम्ही म्हणाल यात तोंड लपवण्यासारखं काय आहे, मशीन आहे, बिघडायचंच. पण तुम्हाला सांगतो, मशीन बिघडलं म्हणून मी तोंड लपवत नाहीये. मशीनं बिघडतात म्हणून तर आमच्या घरची चूल पेटते. सव्वीस वर्षं झाली मला या कामात. दुकानांतले फ्रीजर, दुधाची कपाटं, भाजीच्या थंड खोल्या, काय म्हणाल ते. लोक मला डॉक्टर म्हणतात. म्हणजे... म्हणायचे. फोन यायचा, 'डॉक्टर, आमच्या पेशंटला ताप आलाय, लवकर या,' आणि मी जायचो, पेटी खाली ठेवायचो, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढायचो, त्याचं टोक कॉम्प्रेसरवर, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचो. सगळे चिडीचूप. मालक, मुनीम, कोपऱ्यात झाडू मारणारी बाईसुद्धा झाडू थांबवून उभी. खरं सांगू का? इतकी वर्षं झाली, त्या स्क्रूड्रायव्हरातून मला बहुतेक वेळा काहीही ऐकू येत नाही. पण डोळे मिटले की विचार करायला अर्धा मिनिट मिळतो, आणि तोवर लोकांचा विश्वास बसतो. असो. हेही सांगायचं नव्हतं, पण आज सांगायलाच बसलोय तर सगळंच सांगतो.

तर आइस्क्रीमचं गोदाम. मालकीणबाईंचं. सहा वर्षं तिथलं सगळं माझ्याकडे. खाली एक मोठी थंड खोली, आपल्या बैठकीच्या खोलीच्या तिप्पट, आत उणे वीस, पापण्या चिकटतात एकमेकींना, आणि तिचा कॉम्प्रेसर मागच्या अंगणात. इतकी वर्षं तिथं सुखानं नांदत होता बिचारा. पण शेजारच्या घरात बाळ झालं, बाळ दुपारी झोपेना, बाळाची आई भिंतीपलीकडून रोज मालकीणबाईंना ऐकवायला लागली, आणि मालकीणबाई स्वभावानं भल्या, म्हणाल्या, डॉक्टर, त्याला गच्चीवर हलवा. हलवला. दोन मजले वर. खालच्या खोलीपासून गच्चीपर्यंत नवा तांब्याचा पाइप टाकायला लागला. तो पाइप मी टाकला. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा हं, कारण मी पुढं तीन महिने विसरलो होतो.

आता तेलाचं काय असतं ते दोन मिनिटांत सांगतो. आमच्या हिला कळलं, तुम्हालाही कळेल. कॉम्प्रेसर गॅस दाबतो आणि खाली पाठवतो. गॅस खाली जाऊन खोली गार करतो आणि दुसऱ्या पाइपानं परत वर येतो. कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं, नाहीतर तो घासून घासून मरेल. त्या तेलातलं थोडं गॅसबरोबर भटकायला बाहेर पडतं. त्याला इलाज नाही. बाहेर पडायला आपली हरकत नाही, पण गॅसबरोबर परत घरी यायला हवं. गॅस जोरात येत असेल तर तो तेलाला ओढत, फरपटत वर आणतो. रमतगमत येत असेल तर तेल म्हणतं, तू हो पुढे, आणि पाइपाच्या भिंतीवरून घसरत खाली जाऊन बसतं. त्यात खोली उणे वीस, म्हणजे तेल आधीच काकवीसारखं दाट. बस्स, एवढंच. हे मी दर शनिवारी तंत्रशाळेत शिकवतो. हो, शिकवतो. फळ्यावर आकृती काढून.

कॉम्प्रेसरला एक गोल काच असते, पोटावर. त्यात तेल अर्ध्यापर्यंत दिसायला हवं. गच्चीवर नेल्यापासून आठवडाभरात लाल दिवा लागला, मशीन आपोआप बंद. गेलो. काचेत तेल नाही. अर्धा लिटर घातलं, चालू केलं, मालकीणबाईंना म्हटलं, नवी जागा आहे, रुळायला वेळ लागतो. जसं काही कॉम्प्रेसरची बदली झाली होती आणि त्याला नव्या गावी करमत नव्हतं. बाईंनी मान हलवली. सहा दिवसांनी पुन्हा लाल दिवा. पुन्हा अर्धा लिटर. या वेळी म्हटलं, ऊन फार आहे गच्चीवर. पत्र्याची सावली करून घेतली. पुन्हा लाल दिवा. म्हटलं, तेलाचा डबाच बरोबर नाही आला. दुसरा डबा. पुन्हा लाल दिवा. म्हटलं, हा दिवाच खोटं बोलतोय. दिव्याचं बटण बदललं. नव्या बटणानं तिसऱ्या दिवशी जास्तच लालबुंद दिवा लावला.

घरी आलो की कपड्यांना तेलाचा वास. ही म्हणायची, आज पुन्हा तिथंच? मी म्हणायचो, हो, तेल कमी झालं होतं. एकदा ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घडी घालता घालता, वर न बघता म्हणाली, "पण तेल गेलं कुठं?"

मी म्हटलं, कॉम्प्रेसर पितो. ती म्हणाली, पिऊन ते जातं कुठं. मी म्हटलं, तुला नाही कळायचं ते, तांत्रिक आहे. ती म्हणाली बरं, आणि घडी घातली. तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षांत एवढा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि एवढं फालतू उत्तर मीही कोणाला दिलं नव्हतं.

गळती असेल म्हणून साबणाचा फेस केला. गच्चीपासून खालपर्यंत एकेका जोडावर ब्रशनं फेस लावत उतरलो, अख्खा जिना फेसाळला, आइस्क्रीम भरणारे दोन हमाल घसरून पडता पडता वाचले, पण बुडबुडा एक नाही. तेल गळलं तर डाग पडतो, चिकट, धूळ धरतो. डागही नाही. म्हणजे तेल बाहेर गेलेलं नाही. आत दिसत नाही. पण तेल गेलं कुठं? त्याच शनिवारी तंत्रशाळेत मी फळ्यावर उभा पाइप काढला, त्याच्या पायथ्याशी यू अक्षरासारखं वळण काढलं, आणि सांगितलं की या वळणात तेल साठतं आणि गॅस त्याला घोट घोट करून वर ढकलतो, म्हणून हे वळण कधीही विसरायचं नाही, आणि पाइप गरजेपेक्षा रुंद कधीही घ्यायचा नाही. खाली दोन रेघा मारल्या. हात झटकले, खडूची धूळ उडाली, आणि तिथून निघालो तो सरळ गोदामात गेलो आणि अर्धा लिटर तेल घातलं.

हसू नका. किंवा हसा, मला काय.

आता वॉचमन काका. या सगळ्यात ज्यांचं काही म्हणजे काहीच नव्हतं, ते काका. साठीचे असतील. कमी बोलणारे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. गच्चीच्या लोखंडी दाराची चावी त्यांच्याकडे. मी आलो की गेटमधूनच, या डॉक्टर, पेशंट वर आहे, असं म्हणायचे आणि माझ्यापुढं दोन मजले चढून दार उघडून द्यायचे. ते दार असं किंचाळायचं की अंगावर काटा यायचा. मी एकदा जिन्यात वैतागून म्हटलं होतं, काका, याचा आवाज माझ्या कॉम्प्रेसरपेक्षा मोठा आहे, बाळाची आई आता या दाराची तक्रार करेल. ते नुसते हसले होते. मी म्हटलं आणि विसरलो. विसरण्याचं काम माझ्याकडं तेव्हा जोरात चालू होतं.

चौदावी चक्कर. मोजायची इच्छा नव्हती, पण मुनीम मोजत होते. सकाळी दहाचा सुमार. गच्चीवर मी, मालकीणबाई, मुनीम, तेलाचा नवा डबा घेऊन आलेले ते दोन हमाल, आणि दाराशी हातात चावी घेऊन काका. बाई आजवर कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही. फक्त म्हणाल्या, डॉक्टर, ही चौदावी वेळ तेल घालायची, तुम्हीच म्हणता गळती नाही, मग तेल गेलं कुठं? मुनीम, चष्म्यावरून, 'नाही, आम्हालाही कळू द्या, म्हणजे कागदावर काय लिहायचं,' असं त्यांच्या त्या गोड किनऱ्या आवाजात. हमाल माझ्याकडे बघतायत. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता, पण डोळे मिटायची हिंमत होईना. आणि तेवढ्यात माझी नजर दाराच्या बिजागरीवर गेली. चकाकत होती. आणि माझ्या लक्षात आलं की आज दार किंचाळलं नाही.

मी गेलो, बिजागरीला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं... त्या वासाचं मी नंतर सांगतो. वळलो आणि म्हटलं, तेल कुठं गेलं ते मला काय विचारता, ज्यांच्याकडे चावी असते त्यांना विचारा.

बस्स. एवढं एक वाक्य. काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते म्हणाले, "ते शिलाई मशीनचं तेल आहे. घरून आणलं. तुम्हीच म्हणाला होतात, दार ओरडतं."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, असं का.

'असं का' हे दोन शब्द किती घाण रीतीनं म्हणता येतात ते मला त्या दिवशी कळलं, माझ्याच तोंडून.

आता जरा विचार करा. बंद यंत्र आहे. त्यातून तेल काढायला जाल तर आधी गॅस फुस्सकन तोंडावर येईल, हात पोळेल, अख्ख्या गल्लीला आवाज जाईल. हे मला माहीत नाही? मी शिकवतो हे. आणि बिजागरीला लागतं किती, तीन थेंब. चौदा चकरांत मी सात लिटर ओतलं होतं. सात लिटरांत सगळ्या शहरातली दारं मुकी झाली असती. पण माणसाला एकदा आपली चूक बघायची नसली ना, की तो कशावरही विश्वास ठेवायला तयार होतो. साठीचा माणूस रात्रंदिवस थेंब थेंब तेल चोरून घरी नेतो आणि त्याचं काय करतो, तर ते त्यालाच माहीत... यावर मी विश्वास ठेवला. म्हणजे ठेवल्यासारखं केलं.

काकांनी वाद घातला नाही. जुडग्यातून चावी सोडवायला त्यांना वेळ लागला, कडी घट्ट होती, नखानं उघडत राहिले, आम्ही सगळे बघत राहिलो, कोणी मदत केली नाही. मग चावी मालकीणबाईंच्या हातात दिली. "बाई, ही तुमच्याकडे असू द्या. मी खाली गेटवर बसतो." आणि जिना उतरून गेले. बाईंनी चावी मुनिमांना दिली. मी अर्धा लिटर तेल घातलं.

मग पुढं काय झालं असेल? चावी मुनिमांकडे, काका गेटवर, म्हणजे तेल राहायला हवं की नाही जागेवर? सहाव्या दिवशी लाल दिवा. तिथंच मला समजायला हवं होतं. समजलं होतंच म्हणा. त्या क्षणी बाईंकडं जाऊन सांगायला हवं होतं की काकांचा काही संबंध नव्हता. मी नाही गेलो. तीन आठवडे नाही गेलो. मुकाट्यानं तेल घालत राहिलो. आणि दर वेळी गेटमधून आत जायचं तर काका खुर्चीवरून उठायचे, गेट पूर्ण उघडायचे आणि म्हणायचे, या साहेब.

साहेब. डॉक्टर नाही. शिव्या परवडल्या असत्या हो. शेवटी शेवटी मी मागच्या बाजूनं, त्या बाळाच्या घराकडच्या बोळातून आत जायला लागलो, तर बाळाची आई खिडकीतून म्हणाली, 'आता आवाज अगदी येत नाही बरं का, फार चांगलं काम केलंत तुम्ही.' मी तिच्याकडं बघून हसलो. कसा हसलो असेन, देव जाणे.

मग तो दिवस. दुपारी बाराला वीज गेली ती चार वाजेपर्यंत आली नाही. खोली तापायला लागली, हमालांनी माल भराभर थंड गाडीत हलवला, दार सारखं उघडबंद, आत खोलीत पाणी ठिबकायला लागलं. बाईंनी मला आधीच बोलावून ठेवलं होतं, म्हणाल्या, वीज आली की तुमच्यासमोरच चालू करू, मला आता त्याची भीती वाटते. चारला वीज आली. गच्चीवर मी, बाई, मुनीम. बटण दाबलं. नेहमीसारखा घुर्र आवाज. मी काचेकडे बघतोय, तळाशी जेमतेम तेल. आणि मग त्या उभ्या पाइपात, खालून, गुळगुळ... गुळगुळ... म्हणजे कोणीतरी गुळण्या करतंय असा आवाज. मुनीम म्हणाले, हे काय. मी म्हटलं, काही नाही. तेवढ्यात काच भरली. अर्धी नाही, पाऊण नाही, काठोकाठ, वर हवा दिसेना, आणि कॉम्प्रेसर आतून ठोकायला लागला, ठण, ठण, ठण, कोणी हातोडा घेऊन बाहेर यायला बघतंय असं. मी झडप घालून बंद केला. पण तोवर त्याच्या आतल्या, गॅस अडवणाऱ्या पट्ट्या तुटल्या होत्या. ते मला ऐकू आलं. बघा, आयुष्यात एकदा नुसत्या कानानं रोग ओळखला, आणि तो मीच लावलेला.

खालची खोली तापली, दाट तेल पातळ झालं, आणि तीन महिन्यांत जे जे मी ओतलं होतं ते एका दमात घरी परत आलं. कॉम्प्रेसरला तेल पिता येत नाही. घोटभर आलं तर चालतं, लोंढा आला तर तो मरतो.

मी गॅसच्या वाटा बंद केल्या, खालचा स्क्रू ढिला केला, तेल बादलीत काढायला लागलो. निघतंय, निघतंय, थांबेचना. माझ्या बुटांवर आलं, मोजे भिजले. बाई बघत होत्या. तीन महिने सगळे मला एकच विचारत होते, तेल गेलं कुठं, आणि आता त्या म्हणाल्या, डॉक्टर, एवढं तेल आलं कुठून? मी सुरू केलं, त्याचं काय आहे बाई, तांत्रिक कारणं असतात, उंची, उभ्या पाइपातला वेग, तेलाचा दाटपणा... त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे पाइप चुकलाय?"

म्हटलं, रुंद आहे थोडा. आणि खाली एक वळण हवं होतं.

"पाइप कोणी टाकला?"

"मी."

आणि का टाकला, तेही सांगून टाकतो. दुसऱ्या एका कामावरून रुंद पाइप शिल्लक पडला होता माझ्याकडे. बरोबर मापाचा आणायला दोन दिवस गेले असते. मनात म्हटलं, रुंद आहे, गॅसला मोकळं वाटेल. आणि खालच्या वळणाच्या जागी भिंतीला एक कपाट होतं, ते हलवायचा कंटाळा आला, म्हटलं नंतर बघू. एवढंच. कुठलं तांत्रिक आणि कुठलं काय.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी गच्चीच्या त्या दाराकडं बघितलं, उघडंच होतं, आणि म्हणाल्या, "म्हणजे काका..." आणि वाक्य तिथंच सोडलं. ते वाक्य त्यांनी पुरं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. हिनं ऐकलं आणि म्हणाली, तेल सापडलं ते बरं झालं, आता काकांच्या घरी जा. मी म्हटलं, उद्या गोदामात भेटतीलच. ती म्हणाली, आत्ता जा. मी म्हटलं, बूट ओले आहेत. तिनं माझ्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

काकांचं घर दोन खोल्यांचं. काका आले नव्हते अजून. काकू दाराशीच, खिडकीच्या उजेडात, शिलाई मशीनवर पडदे शिवत होत्या. मी कोण ते सांगितलं तर त्यांचा चेहरा असा उजळला की मी मागच्या मागं पळणार होतो. म्हणाल्या, 'अय्या, डॉक्टर ना तुम्ही? बसा बसा. हे किती सांगतात तुमच्याबद्दल. नुसतं डोळे मिटून ऐकतात म्हणे आणि कुठं दुखतंय ते सांगतात.' खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं, चहा टाकला. आणि चहा गाळता गाळता सांगायला लागल्या, आता गुडघ्यांमुळं त्यांना जिना चढवत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच गेटवरची जागा मागून घेतली, मालकीणबाईंनी लगेच दिली, चांगली माणसं भेटली हो आम्हाला.

गुडघे. बायकोला हे सांगितलं होतं त्यांनी. घरात माझं नाव खराब होऊ दिलं नव्हतं. की स्वतःचं होऊ दिलं नव्हतं? काय माहीत. मी चहा पीत होतो आणि माझ्या समोर, मशीनच्या फळीवर, चिमणीच्या चोचीसारखं तोंड असलेली ती छोटी तेलाची बाटली होती. काकूंनी मधेच ती उचलली, मशीनला दोन थेंब सोडले, आणि तो वास आला.

आता त्या वासाचं सांगतो. तुम्हाला सांगतो, हे मी हिलाही सांगितलं नव्हतं. कॉम्प्रेसरच्या तेलाला एक वेगळाच वास असतो, उग्र, आंबूस, सव्वीस वर्षं तो माझ्या कपड्यांत, नखांत, उशीत आहे. झोपेतून उठवून हुंगायला लावा, ओळखेन. त्या दिवशी गच्चीवर बोट नाकाशी नेलं ना... त्याच क्षणी कळलं होतं, हे ते तेल नाही. आधी कळलं, आणि मग मी ते वाक्य बोललो.

काका आले. मला बघितलं, एक क्षण थबकले, मग हसून काकूंना म्हणाले, अरे वा, डॉक्टर आज आपल्याकडे. काकूंसमोर त्यांनी मला डॉक्टर म्हटलं. मग म्हणाले, चला, जरा बाहेर उभं राहू, आत उकडतंय.

बाहेर भिंतीशी उभे राहिलो. मी पाइपाचं सगळं सांगितलं, रुंदी, वळण, वीज, बादली. ते ऐकत होते. शेवटी म्हटलं, काका, माझी चूक झाली, माफ करा. त्यांनी एकदा खिडकीकडं बघितलं. मग अगदी हळू, म्हणजे आत आवाज जाऊ नये इतकं हळू, म्हणाले, "एक विचारू? तुम्ही बोट लावून वास घेतलात. तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं, की कळलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं हो. नाही म्हटलं असतं तर चूक झाली एवढ्यावर भागलं असतं. चूक कोणाची होत नाही? तोंडात 'नाही'च आलं होतं. पण आत मशीन चालू होतं, खडखड खडखड, आणि तो वास.

म्हटलं, "कळलं होतं."

ते म्हणाले, "मग ते तिथं सांगा. मला सांगून काय उपयोग? मी नेलं नाही, हे मला माहीतच होतं."

रात्रभर मी वाक्यं जुळवली. हिला दोनदा म्हणून दाखवली. ती म्हणाली, 'तांत्रिक' शब्द काढा त्यातून. काढला. सकाळी गोदामाच्या अंगणात माल चढवायची वेळ, बाई, मुनीम, ते दोन हमाल, थंड गाडीचा ड्रायव्हर, आणि गेटवर काका. मी मधोमध उभा राहिलो आणि सांगितलं. की पाइप मी चुकीचा टाकला, तेल पाइपात आणि खालच्या खोलीतच होतं, काकांनी नेलं नव्हतं, आणि हे मी त्यांच्यावर ढकललं तेव्हाच मला माहीत होतं की ते कॉम्प्रेसरचं तेल नाही. शेवटचं वाक्य म्हणताना आवाज असा फाटला की ड्रायव्हरनं गाडीतून डोकं बाहेर काढलं.

मला वाटलं आता कोणीतरी थुंकेल तरी. मुनिमांनी घसा खाकरला आणि म्हणाले, 'ते ठीक आहे, पण खोली कधी चालू होणार? नाही, म्हणजे गाडी किती दिवस ठेवायची?' ड्रायव्हर म्हणाला, गाडी उद्या दुसरीकडे जायची आहे. हमाल म्हणाले, मग माल उतरवायचा की चढवायचा? अंगणात त्यावर चर्चा सुरू झाली. अख्खी रात्र जागून जुळवलेला माझा सगळा गुन्हा दोन मिनिटांत मालाखाली गेला. फक्त एकानं पूर्ण ऐकलं. काकांनी गेटवरून मान हलवली, एकदाच, आणि दुसऱ्या गाडीला वाट द्यायला वळले.

चार दिवस लागले. कपाट हलवलं, बरोबर मापाचा अरुंद पाइप टाकला, पायथ्याशी वळण, मध्ये आणखी एक वळण, कॉम्प्रेसरच्या पट्ट्या नव्या. चालू केला. काच अर्धी. आठवडा गेला, काच अर्धी. महिना गेला, काच अर्धी. लाल दिव्यावर धूळ बसली.

मला वाटलं बाई आता दुसरा माणूस बघतील. नाही बघितला. बोलावून म्हणाल्या, काम तुमच्याकडेच राहील, फक्त दर भेटीनंतर काय केलंत ते कागदावर लिहायचं आणि त्यावर काकांची सही घ्यायची. मला वाटलं, सही काय, दोन सेकंदांचं काम. काकांना कागद दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पहिली ओळ वाचली आणि म्हणाले, 'दाब म्हणजे कोणता दाब? जातानाचा की येतानाचा?' सांगितलं. दुसरी ओळ. 'हा आकडा मागच्या वेळेपेक्षा कमी का?' सांगितलं. समजल्याशिवाय सही करत नाहीत. राग नाही, टोमणा नाही, नुसतं विचारतात. काम वीस मिनिटांचं, सही पाऊण तासाची. मी गेटच्या पायरीवर बसून मातीत काटकीनं पाइप काढतो, बाण काढतो, ते ऐकतात, आणि पुढच्या वेळी मागच्या बाणाबद्दल विचारतात. तंत्रशाळेत इतकी वर्षं शिकवतो, एवढं बारीक मला कोणी विचारलेलं नाही.

आणि आता हे बघा, परवाच फोन आला. पलीकडच्या रस्त्यावर दुधाचं मोठं दुकान आहे, त्यांच्या कॉम्प्रेसरला तेल टिकत नाही म्हणे. मी म्हटलं, येतो, पेटी घेऊन तासाभरात पोचतो. तिकडून मालक जरा चाचरत म्हणाले, 'नाही, तुम्ही या हो, पण आइस्क्रीमच्या गोदामात ते गेटवर एक काका असतात ना, तेलाचं कळणारे... ते येतील का?'

मी म्हटलं, त्यांना वेळ आहे का, विचारून सांगतो.